भादव्यातली पत्ती

चौबे कॉलोनी, रायपूर
श्रावण, नागपंचमीनंतरचा रविवार

प्रिय चित्रा,

मी पोचले, गुडघा शाबूत आहे आणि तू डब्यात भरून दिलेली चहाची पत्ती वाटेत कुठेही सांडली नाही, हे सगळं फोनवर सांगून झालं आहे. मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू माझं अर्धं वाक्य ऐकतेस आणि ‘आई, नेटवर्क जातंय’ म्हणतेस. ते नेमकं माझ्याच वाक्यात कसं जातं, हा मला बरेच दिवस पडलेला प्रश्न आहे. पत्राचं तसं होत नाही. शिवाय निघताना आपलं भांडण झालं आणि बस आली म्हणून ते अर्धंच राहिलं. अर्धं काम टाकायची मला सवय नाही. तू पत्ती खुडणाऱ्या बायकांना बजावलंस की तिजेला, म्हणजे हरतालिकेला, जी माहेरी जाईल तिची चहाच्या बागेतली ओळ दुसरीला दिली जाईल. बायकांनी सांगितलं, मग सगळ्यांच्याच ओळी देऊन टाका. कलकत्त्याचा व्यापारी तर भादव्यातला माल पाहूनच पुढचं ठरवणार, आणि त्याने नाक मुरडलं तर तुझी संस्था डोंगरावरचा तो छोटा कारखाना पुढच्या वर्षी चालवणार नाही. तुझी तीन वर्षं त्यात गेली आहेत. मी मध्ये बोलले तेव्हा तू म्हणालीस, “आई, तू यात पडू नकोस.” मी पडले आहे. आता शेवटपर्यंत वाच. मराठी वाचायची सवय सुटली असेल तर मोठ्याने वाच.

आधी घरची बातमी. तुझा चहा इथे नापास झाला. मी सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं. पाणी उकळून खाली उतरवलं, पत्ती टाकली, झाकण ठेवलं. सुरेख मधासारखा रंग आला. बाबांनी एक घोट घेतला, कपात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “काहून वो, पत्ती टाकायची विसरली का?” मी म्हटलं, हा तुमच्या लेकीच्या कारखान्यातला चहा आहे. त्यावर त्यांनी गंभीरपणे दुसरा घोट घेतला. म्हणाले, “मंग चांगला हाय. पण आता मले चहा दे.” दुसऱ्या दिवशी मी भाजीला गेले असताना त्यांनी तीच पत्ती दूध, साखर, आलं घालून खळखळा उकळली आणि शेजारच्या नरहरीभाऊंनाही पाजली. दोघांनी मिळून निकाल दिला, ‘इसमें दम नहीं है.’ त्यांच्यावर रागावू नकोस. आपला देश एवढा चहा पिकवतो आणि त्यातला बहुतेक स्वतःच दुधात उकळून संपवतो. कोवळ्या पानाचा वास ओळखायला जीभ थोडी रिकामी लागते. माझीही दोन दिवसांनी झाली. आता मी रोज दुपारी एक कप तुझा, बिनदुधाचा, घेते. बाबा त्याला काढा म्हणतात.

तुला वाटलं असेल मी तुझ्यावर नजर ठेवायला आले होते. नाही. मी चहाचं झाड बघायला आले होते. शाळेत जीवशास्त्र शिकवताना कॅमेलिया सायनेन्सिस हे नाव मी किती वर्गांकडून पाठ करून घेतलं असेल, पण झाड कधी पाहिलं नव्हतं. रायपूरच्या मुलांना आंबा दाखवता येतो, पळस दाखवता येतो, चहा कुठून दाखवणार? म्हणून त्या पहिल्या सकाळी, तू अजून यंत्राशी झटापट करत होतीस तेव्हा, मी एकटीच ओळीओळींतून फिरले. कुंपणाजवळ छाटायचं राहून गेलेलं एक झाड आहे, पाहिलंस का? माझ्या दुप्पट उंचीचं. पांढरी फुलं, आत पिवळा पुंकेसरांचा गुच्छ. मला आयुष्यभर वाटत होतं चहा म्हणजे झुडूप. तो चांगला वृक्ष आहे, आपण त्याला कमरेएवढा राहायला लावतो. फुलायला मिळालं नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा पालवत राहतो आणि आपण पुन्हा पुन्हा खुडतो. मला गंमत वाटली ती वासाची. संध्याकाळी जाळीवर पसरलेल्या पानांना कापलेल्या गवताचा वास होता. सकाळी तीच पानं हातात घेतली तर पिकल्या पेरूच्या टोपलीजवळ उभं राहिल्यासारखं वाटलं. रात्रभरात कुणी काहीच केलं नव्हतं, ती नुसती कोमेजली होती. हे कसं होतं? पानातलं नेमकं काय मरतं आणि काय जागं होतं? तू घाईत होतीस म्हणून विचारलं नाही. लिहून कळव. आणि वाढ थांबलेल्या, कळी न धरणाऱ्या कोंबाला चहावाले ‘बांझी’ म्हणतात, हे ऐकलं. हा शब्द कुणा पुरुषाने ठेवला असणार. तुझ्या कारखान्यात तरी दुसरा शोध.

परत आल्यावर मला चैन पडेना, म्हणून वाचनालयात जाऊन बसले. तिथला सुशील ओळखीचा आहे, माझा विद्यार्थी. त्याने विचारलं, “मॅडम, अब टी-स्टॉल खोलेंगी क्या?” मी म्हटलं, पुस्तकं काढ. दीड-दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी आसामात मळे लावायला घेतले तेव्हा जमीन होती, झाड होतं, बाजार होता, पण खुडायला हात नव्हते. ते हात त्यांनी कुठून नेले ठाऊक आहे? आपल्याकडून. छोटा नागपूर, जशपूरकडची पाट म्हणतात ती पठारं, खाली महानदीकाठची गावं. आरकाटी म्हणून माणसं नेणारे दलाल असत, ते गावोगाव फिरून सांगत की तिकडे झाड हलवलं की पैसा पडतो. करारावर अंगठा उठवला की संपलं. मुदत संपायच्या आत मळा सोडून बाहेर पडणं हा गुन्हा होता, पळाला तर पकडून आणत. आजही आसामात अशा वस्त्या आहेत जिथे म्हाताऱ्या बायका छत्तीसगढी बोलतात आणि रायपूर कुठल्या दिशेला आहे हे सांगू शकत नाहीत. तुझ्याकडे पत्ती खुडणाऱ्या सत्यभामाने मला सांगितलं, तिच्या आजेसासऱ्यांचा भाऊ बायकोला घेऊन असाच गेला होता. बायको तिथे भादव्यातल्या करमाच्या सणाला पूजा करताना रडायची, एवढीच आठवण घरात शिल्लक आहे, तीही कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलेली. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, त्या मळेवाल्यांना तिजेचा प्रश्न कधी पडलाच नाही. त्यांनी फाटक लावून घेतलं होतं. या देशाचा चहा असा उभा राहिला, चित्रा. आता तोच चहा त्याच लोकांच्या नातवंडांच्या टिकऱ्यावर, उंचावरच्या माळावर, आला आहे, त्यांच्या स्वतःच्या जमिनीवर, आणि तुझ्याकडे फाटक नाही. नसावंच. पण ओळ काढून घेईन म्हणणं हे छोटं फाटकच आहे. हे मी बसजवळ बोलणार होते. तू हॉर्नचं निमित्त केलंस.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. पावसाळ्यात आठवड्याला पत्ती खुडावीच लागते, नाहीतर ती राठ होते आणि मग व्यापारी काय, बाबाही पिणार नाहीत. आणि नेमकी त्याच दिवसांत तीजा येते. मग आठवड्याभरात करमा. दोन्हींच्या मध्ये परत कोण येतं? सगळ्या सुना माहेरी. पत्तीने आपलं पंचांग पाहिलेलं नाही. पण तू डूमरटोलीच्या शेडमध्ये उभी राहून हे बायकांना ज्या आवाजात सांगितलंस, तो आवाज माझा आहे. वर्गात मी तोच लावत असे. तो चौदा वर्षांच्या मुलांवर चालतो. चार लेकरांच्या आयांवर चालत नाही. तू रागाने निघून गेलीस, मी पाऊस थांबेपर्यंत तिथेच बसले, वजनकाट्याशेजारी, त्यांच्या टोपल्यांमध्ये. मग सत्यभामाने तंबाखू मळता मळता विचारलं, “तैं तो मैडम के दाई अस. तोर बात घलो नइ मानय?” तू तर मॅडमची आई, तुझंही ऐकत नाही? मी म्हटलं, “बचपन से नहीं मानती.” त्यानंतर त्या माझ्याशी बोलायला लागल्या. सत्यभामा म्हणाली, “मैडम गुस्सा करथे, करन दे. पत्ती तो अगले साल फेर आही. मोर दाई के का भरोसा?” यावर तुझ्याकडे उत्तर आहे का?

पण मला खोदून विचारायची खोड आहे, ती तुला माहीत आहे. मी एकेकीला विचारत गेले, तुझं माहेर कुठलं. मला वाटलं होतं लांबलांबची नावं येतील. एक म्हणाली साजापाट. दुसरी साजापाट. तिसरी त्या पलीकडच्या टोलीची, म्हणजे वाडीची. सगळ्यांची माहेरं एका डोंगरावरून दुसऱ्यावर हाक मारली तर ऐकू जावी अशी, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी तुझ्याच संस्थेने लावलेली बाग. मग मी सत्यभामाला विचारलं, तू तिजेला साजापाटला गेलीस की तुझ्या घरी कोण असतं? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की या बाईला एवढंही कळत नाही. “मोर ननद मन आथें ना.” नणंदा येतात. कुठून? साजापाटहून, त्यांचं सासर तिथलं. तिथे काय करतात? पत्ती खुडतात. वर म्हणाली, “ओकर हाथ मोर ले जल्दी चलथे. फेर ओला झन बताबे.” तिचा हात आपल्याहून चपळ आहे, पण हे तिला सांगायचं नाही! सगळ्या शेडमध्ये हशा. मी मात्र त्या नणंदांपाशीच थांबले. चित्रा, तिजेला टोली रिकामी होत नाही. ती बदलते. जेवढ्या सुना बाहेर जातात, जवळपास तेवढ्याच लेकी घरी येतात, आणि त्यांना दोन पानं आणि कळी खुडणं तूच शिकवलेलं आहे. हात तिथेच असतात. तुझ्या नोंदीत ते दिसत नाहीत, कारण तू प्रत्येकीला तिच्या सासरच्या बागेतली एक ओळ कायमची देऊन ठेवलीस आणि दुसऱ्या टोलीत खुडायला बंदी केलीस. शिस्तीसाठी केलीस, मान्य. ज्याची ओळ तो जपतो, हेही खरं. पण स्वतः लग्नाच्या गोष्टीला हात जोडणारी तू, तूच या बायकांना नवऱ्याच्या गावाशी बांधून टाकलंस, आणि ते तुझ्या लक्षातही आलं नाही. सरकारी कागद बाईला सासरचंच गाव विचारतो, म्हणून तूही तेच विचारलंस. भादव्याचा तेवढा पंधरवडा ज्या टोलीत असेल तिथे खुडू दे. वजन तिच्याच नावावर लाव.

आता तू म्हणशील, माहेरवाशीण काम करेल का. मीही विचारलं. सत्यभामा म्हणाली, “मइके मा काम? दाई मोला नइ, तोला मारही.” तेवढ्यात मागून एक तरुण पोरगी बोलली, “दिन भर घर मा बइठ के दाई के घुटना के पीरा सुनबो का? बगान जाबो तो सहेली मन मिलहीं.” मी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. तिचं म्हणणं खरं आहे. लग्न होऊन पांगलेल्या मैत्रिणी वर्षातून त्याच एका आठवड्यात एकत्र येतात, आणि त्यांना बसायला धड जागा नसते. घरात आई, वाटेवर गाव. बाग ही एकच जागा आहे जिथे हात चालत असले की तोंडावर कुणी लक्ष ठेवत नाही. तू हुकूम देऊ नकोस. फक्त टोपल्या शेडमध्ये ठेव आणि वजनकाट्यावर कुणाला तरी बसव. त्या येतील. सगळ्या नाही, पण येतील. करू भाताचा, म्हणजे कारलं-भात खायचा आदला दिवस, तिजेचा निर्जळी उपास आणि दुसऱ्या दिवशीचं पारणं, या दिवसांत मात्र कुणाकडे हात पसरू नकोस. कारखाना बंद ठेव, यंत्राला तेल दे, जाळ्या धू. त्या दिवसांत जी पत्ती राठ होईल ती वेगळी खुडून इकडच्या बाजारात पाठव, दुधात उकळणाऱ्यांना राठच आवडते. व्यापाऱ्याला आधीच कळव की मधले अमुक दिवस माल नाही. त्याच्या घरी दुर्गापूजा असते की नाही? त्याला समजेल. नाही समजलं तर त्याच्यासाठी लोकांच्या आया थांबणार नाहीत. हे सगळं चुकीचं असू शकतं. तू चहा शिकलीस, मी नाही. पण आधी एका टोलीत विचारून बघ, मग मला चूक ठरव.

आता एक गोष्ट, जी तुला अर्धवट माहीत आहे. सासरी, तुझ्या आजीच्या विदर्भातल्या घरात, तीजा नव्हती. हरतालिका आपल्या घरी पुजायची असते, पळत माहेरी जायची नसते, असं आजी म्हणायच्या. पण माझं माहेर ब्राह्मणपाऱ्यातलं, भोसल्यांच्या काळापासून इथलं. आमच्यात मराठी नावाची हरतालिका आणि छत्तीसगढी रीतीची तीजा एकाच दिवशी, एकाच पाटावर होत असे. लेकीला न्यायला माणूस गेलंच पाहिजे. तुझा श्रीपादमामा यायचा. चौबे कॉलोनी ते ब्राह्मणपारा म्हणजे वाटेत घेतलेली शेंगदाण्याची पुडी संपत नाही एवढं अंतर, पण मी कधी एकटी गेले नाही. तो स्कूटर बंदही न करता फाटकातून म्हणायचा, “ताई, चल.” माझी पिशवी आदल्या दिवसापासून भरलेली असायची आणि तरी मी त्याला हातातलं काम संपेपर्यंत थांबवायची. वहिनी तिच्या माहेरी गेलेली, म्हणून कारल्याची भाजी आणि भात तो स्वतः रांधायचा आणि कारलं दर वर्षी कच्चं ठेवायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला, वहिनी मुलाकडे बंगलोरला गेली, घर एका कापडवाल्याला भाड्याने दिलं. त्यानंतरच्या तिजा मी इथेच केल्या. वाळूची पिंड, पत्री, आरती, सगळं यथासांग. बाबा त्या दिवशी स्वयंपाकघरात घुटमळतात आणि म्हणतात, “जाय ना कुठं, मी करतो आपलं.” जायला जागा पुष्कळ आहेत, न्यायला येणारं कुणी नाही. बाबांना ते कसं समजावणार?

पत्राचं कारण हे आहे. बाकीचं सगळं मी फोनवर ओरडूनही सांगितलं असतं. मला यंदा तिजेला तुझ्याकडे यायचं आहे, आणि हे फोनवर म्हणायला मला जमलं नसतं. आईने लेकीकडे माहेरपणाला जावं अशी रीत कुठे नाही. निघायच्या दिवशी मी सत्यभामाला हळूच विचारलं होतं. ती म्हणाली, “रीत तो नइ हे. फेर कोन रोकही?” त्यासाठी तुला मला न्यायला यावं लागेल, म्हणजे ऐन पत्तीच्या दिवसांत कारखाना दुसऱ्याच्या हाती सोडून, त्या बायकांसारखंच, गर्दीच्या बसने खाली यावं लागेल. मी वर सांगितलं तसं केलंस तर ते दिवस तुझेही मोकळे असतील. नाही केलंस तर तू येणार नाहीस, आणि तेही मी समजून घेईन. हा दबाव नाही. थोडा आहे. साडी आणू नकोस, कपाटात जागा नाही. एका रात्रीसाठी तू इथे लेक होऊन राहा, सकाळी मी तुझ्याबरोबर निघेन. एकटी बसने मी येऊ शकते हे तुलाही ठाऊक आहे, आत्ताच येऊन गेले. पण तशी येणार नाही.

तुझीच,
आई